वाचकांचे प्रश्न: घरी उघडली, घरी जोडली, आता एअर रायफल चालेना

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच प्रकारच्या रायफलबद्दल आहेत: बॅरल मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) भरायची, स्प्रिंग-पिस्टनवर चालणारी .१७७ बोअरची (नळीचा आतला व्यास .१७७ इंच) एअर रायफल. बॅरल मोडली की पिस्टन मागे जाऊन स्प्रिंग दाबली जाते आणि तो तिथे अडकतो, याला कॉक होणं म्हणतात. पत्रलेखकांनी जुनी रायफल उघडली, स्प्रिंग आणि वॉशर बदलले, पुन्हा जोडली आणि मग घोडं अडलं. उत्तरं त्याच रायफलपुरती आहेत.

प्रश्न : नवी स्प्रिंग टाकल्यापासून रायफल कॉक होत नाही. बॅरल अर्ध्याहून थोडी पुढे येते आणि दगडासारखी अडते. जुनी स्प्रिंग ३ मिमी तारेची, ३१ वेढ्यांची होती. नवी ३.२ मिमी तारेची, ३५ वेढ्यांची आहे. ताकद वाढावी म्हणून मागे १.५ मिमीचे दोन वॉशरही टाकले आहेत. ट्रिगर बिघडला असेल का? (मिरज)

ट्रिगरला हात लावू नका. तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. पूर्ण दाबलेल्या स्प्रिंगची लांबी म्हणजे तारेची जाडी गुणिले वेढे. जुनी ३ × ३१ = ९३ मिमी. नवी ३.२ × ३५ = ११२ मिमी, त्यात वॉशरचे ३ मिमी, म्हणजे ११५. पिस्टन खटक्यात (त्याला मागे धरून ठेवणाऱ्या ट्रिगरच्या आकड्यात) अडकण्याआधीच वेढ्याला वेढा भिडतो आणि स्प्रिंगचा भरीव लोखंडी नळा होतो. तो हाताच्या जोराने दबणार नाही, आणि जोर लावत राहिलात तर कॉकिंग लिव्हर वाकेल किंवा पिस्टनची खाच ओढली जाईल.

खात्री करायची तर स्प्रिंग काढून बाकी सगळं जोडा आणि बॅरल मोडा. खटका ‘टक्’ करून पिस्टन धरत असेल तर ट्रिगर निर्दोष आहे. स्प्रिंगशिवायही खटका धरत नसेल, तरच ट्रिगरचा ॲडजस्टमेंट स्क्रू जास्त आत गेलाय का आणि खटक्याची किंवा पिस्टनच्या खाचेची धार गोल झालीय का, हे पाहायचं.

पिस्टन असा अडकलेला असताना, त्याच्या आत स्प्रिंग टेकते त्या तळापासून मागच्या गाइडच्या (स्प्रिंगच्या आत जाणाऱ्या दांडीच्या) कडीपर्यंत अंतर मोजा. समजा १०५ मिमी आलं. किमान ३ मिमी मोकळी ठेवायची, म्हणजे स्प्रिंगच्या वाट्याला १०२. वॉशर काढून टाकले तर ३.२ मिमी तारेचे ३१ वेढे बसतात (९९ मिमी), ३२ बसत नाहीत. चार वेढे कमी करावे लागतील. ही तार हॅक्सॉला दाद देत नाही, ग्राइंडरच्या पातळ चकतीने कापावी लागते. कापल्यावर फक्त शेवटचा वेढा लाल करून शेजारच्या वेढ्यावर बसवायचा, टोक सपाट घासायचं, आणि बाकी स्प्रिंग ओल्या फडक्यात गुंडाळून थंड ठेवायची. उष्णता आत शिरली तर तिथला ताण कायमचा जातो.

खरं सांगायचं तर मूळ मापाची स्प्रिंग आणा. तार ३ वरून ३.२ झाली की, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या तीच धरली तरी, कडकपणा जवळजवळ ३० टक्के वाढतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घातात बदलतो. तेवढी ताकद छर्‍याला मिळत नाही. चेंबर (पिस्टन धावतो ती नळी) तेवढाच आहे, हवा जाण्याचं भोक तेवढंच आहे. उरलेला जोर पिस्टन आपटण्यात आणि दुर्बिणीचं माउंट सरकवण्यात जातो. शिवाय जाड तारेची स्प्रिंग पिस्टनच्या आत घासतेय का किंवा गाइडवर घट्ट बसतेय का, हेही तपासा.

पुन्हा उघडताना मागचा प्लग (चेंबरचं मागचं टोक बंद करणारं बूच) नुसत्या हातांनी धरून पिन ठोकू नका. आत दाबलेली स्प्रिंग असते. सुताराच्या लांब क्लॅम्पने प्लग दाबून धरा, पिन काढा, मग क्लॅम्प सावकाश सैल करा. तोंड प्लगच्या रेषेत नको.

प्रश्न : जोडल्यावर पहिल्याच बाराला फटाक्यासारखा आवाज आला आणि नळीतून धूर निघाला. अजूनही अधूनमधून तसं होतं. आत सगळीकडे भरपूर ग्रीस लावलं होतं. (सातारा)

ते भरपूर ग्रीसच जळतंय. पिस्टन पुढे येतो तेव्हा त्याच्यापुढची हवा क्षणात दाबली जाऊन इतकी तापते की तेलाची वाफ पेट घेते. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं. नव्या जोडणीनंतर पहिल्या १०-२० बारांना थोडा धूर दिसला तर काळजी नको. पण मोठा आवाज चालूच राहिला तर पिस्टनच्या टोकावरचं सील (हवा अडवणारं वॉशर) करपतं, स्प्रिंग तुटते, आणि प्रत्येक छर्रा वेगळ्या गतीने जातो.

रायफल पुन्हा उघडा. सळईला फडकं गुंडाळून चेंबर कोरडा पुसा, हवेच्या भोकातही कापूस फिरवा. मग मॉलिब्डेनम असलेलं ग्रीस बोटाला लागेल इतकंच घ्या आणि पिस्टनच्या मागच्या भागावर, जिथे धातूवर धातू घासतो तिथे, चोळा. सीलच्या पुढच्या तोंडावर काहीही लावायचं नाही. स्प्रिंगला पातळ हात पुरे. शिलाई मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे हवेच्या भोकातून कधीही सोडू नका, निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं. जुन्या चामडी वॉशरला मात्र तेल लागतं. सिलिकॉन तेलाचे २-३ थेंब टाकून रायफल रात्रभर उभी ठेवा.

प्रश्न : आवाज मऊ येतो, छर्रा पुठ्ठ्याच्या खोक्यातूनही आरपार जात नाही. स्प्रिंग आणि सील दोन्ही नवी आहेत. (नांदेड)

हवा कुठून तरी निसटतेय. आधी सोपी जागा बघा, म्हणजे बॅरल बंद होते तिथली ओ-रिंग. त्या सांध्यावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवा, छर्रा भरून सुरक्षित लक्ष्यावर बार काढा. पट्टी उडाली तर रिंग गेली आहे. नवी मिळेपर्यंत रिंगच्या खाली पातळ कागदी वॉशर घालून ती किंचित वर आणता येते. ती फार वर आली तर बॅरल बंद होताना कापली जाईल.

पट्टी हलली नाही तर संशय पिस्टनच्या सीलवर, आणि नव्या जोडणीत तो बहुधा खरा ठरतो. सील आत सरकवताना त्याची कड चेंबरच्या लांबट खाचेवरून जाते. त्या खाचेच्या कडा कारखान्यातून आल्या तशा धारदार असतात आणि सीलचा ओठ सोलून काढतात. स्प्रिंगशिवाय पिस्टन आत घाला, पुढचं हवेचं भोक अंगठ्याने बंद करा आणि पिस्टन ढकला. हवेची उशी जाणवून तो परत यायला हवा. सुळकन तळाला गेला तर सील फाटलंय. याउलट पिस्टन हाताने सरकतच नसेल तर सील जास्त जाड आहे, आणि तेही गती खातं.

दुसरं सील बसवण्याआधी खाचेच्या कडा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग ६०० ने मोडून घ्या आणि भुकटी पूर्ण पुसा. सील आत जाताना फाइलच्या प्लास्टिकची पट्टी खाचेवर आतून धरा, त्यावरून ते बिनबोभाट सरकतं.

गळती शोधताना छर्‍याशिवाय बार काढू नका. समोर अडथळा नसला की पिस्टन थेट चेंबरच्या पुढच्या टोकावर आदळतो. आणि बॅरल मोडलेली असताना ती हातात घट्ट धरल्याशिवाय बोट ट्रिगरजवळ नेऊ नका. खटका सुटला तर बॅरल बोट कापण्याइतक्या जोराने मिटते.

प्रश्न : दहा मीटरवर छर्‍यांचा कधी नाण्याएवढा गट पडतो, कधी बशीएवढा. (कोल्हापूर)

दस्त्याचे स्क्रू आवळा: पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डचे. मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब लावा. नंतर बॅरलचा पिव्होट बोल्ट बघा. बॅरल अर्धी मोडून सोडली तर ती तिथेच थांबली पाहिजे, स्वतःच्या वजनाने पडत असेल तर बोल्ट सैल आहे. त्यानंतर दुर्बीण आणि माउंट. स्प्रिंग रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी धक्का देते, त्यामुळे एअरगनसाठी न बनवलेली दुर्बीण आतून निखळते. हे सगळं ठीक असेल तर दोष धरण्यात आहे. पुढचा दस्ता मुठीत आवळू नका, उघड्या तळहातावर नुसता टेकवा आणि दर वेळी त्याच जागी.

प्रश्न : याच रायफलला .२२ ची नळी बसवली तर चालेल का? (पनवेल)

नाही. शस्त्र नियम, २०१६ नुसार परवान्याशिवायची सवलत .१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेपुरतीच आहे. नळी बदलली की पहिली अट मोडते. दुसरी अट जास्त कडक स्प्रिंगनेही मोडू शकते. ०.५१ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटर गतीने सुटला की बरोबर २० ज्यूल होतात. क्रोनोग्राफवर (छर्‍याची गती मोजणाऱ्या यंत्रावर) आकडा त्याच्या आसपास दिसला तर कमी ताकदीची स्प्रिंग टाका.