आखूड न होणारी पॅन्ट

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी १९ वर्षांची आहे. गाव औसा तालुक्यात, सध्या लातूरला पोलीस भरतीच्या अॅकॅडमीत आहे. माझी उंची १५२ सेंमी भरते, मुलींना १५५ लागते. वर्षभरापासून ग्राउंडवर दम टिकत नाही, पिंडऱ्या जड होतात, केस गळतात, पाळीत दहा-दहा दिवस अंगावरून जातं. तपासलं तर टीएसएच (थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढणारं हार्मोन) ३८ निघाला. थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली आहे. सर म्हणतात, थायरॉईडमुळंच तुझी उंची राहिली, आता गोळीनं भरून निघेल. खरंच वाढेल का? पाळी सातवीत आली, नववीनंतर उंची वाढली नाही. आई १४८, वडील १६३. आजी म्हणते, सैंधव मीठ खा. आमच्या घरात तशी कुणालाच उंची नाही. धाकटा भाऊ आठवीत आहे, त्याला सहावीतली पॅन्ट अजून होते आणि प्रार्थनेला तो रांगेत सगळ्यांत पुढं असतो. आई म्हणते, बरंय, कपड्याचा खर्च वाचतो.
(एक वाचक, औसा तालुका)

उत्तर : आधी तुझ्या तीन सेंटिमीटरचं बोलू, कारण तू त्याच आशेवर गोळी घेते आहेस. ते वाढणार नाहीत. गोळीत काही खोट नाही, तुझी हाडंच वाढून झाली आहेत.

लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी असते, उंची वाढते ती तिथं. त्या पट्टीला थायरॉईडचं हार्मोन लागतं, आणि वाढीचं हार्मोन नीट स्रवायलाही तेच लागतं. म्हणून वाढत्या वयात थायरॉईड कमी पडला की उंची अडते, हे तुझ्या सरांचं म्हणणं खरं. पण ही पट्टी मुलींमध्ये साधारण पंधरा-सोळापर्यंत आणि मुलांमध्ये सतरा-अठरापर्यंत मिटते. एकदा मिटली की गोळी, पावडर, बारला लोंबकळणं, कशाचाच उपयोग नाही. पाळी आल्यावर मुलगी आणखी पाच-सात सेंटिमीटर वाढते आणि दोन-अडीच वर्षांत थांबते. तुझी पाळी सातवीत आली, उंची नववीत थांबली. सगळं वेळच्या वेळी झालं. थायरॉईडची लक्षणं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झाली, म्हणजे उंचीचा आळ त्याच्यावर घालता येत नाही.

घराण्याचा हिशेबही करून बघ. मुलीसाठी आईवडिलांच्या उंचीची बेरीज करायची, त्यातून १३ वजा करायचे आणि निम्मं करायचं. १४८ अधिक १६३ म्हणजे ३११, त्यातून १३ गेले २९८, निम्मे १४९. आठेक सेंटिमीटर खालीवर चालतं. तू १५२ आहेस, हिशेबापेक्षा वरच. (मुलांसाठी १३ वजा न करता मिळवायचे.)

याला एक अपवाद आहे. थायरॉईड लहानपणापासूनच कमी होता आणि कुणाला कळलंच नाही, अशी काही मुलं असतात. त्यांच्या हाडांचं वय मागं राहतं. वयानं १९-२० ची असली तरी डाव्या हाताच्या पंजाच्या एक्स-रेत पट्टी उघडी दिसू शकते, आणि मग गोळीनं उंची वाढतेसुद्धा. पण बहुतेकांचं वयात येणंही लांबलेलं असतं. तुझं तसं नाही. तरीही मनात किंतू असेल तर तो एक एक्स-रे काढून घे. पट्टी मिटलेली दिसली की विषय संपला, मग उंचीच्या पावडरीवर घरच्यांचे पैसे घालवायचे नाहीत.

सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच भरतो, हे खरं आहे. दिवसभराच्या भारानं मणक्यांमधल्या चकत्या दबतात. दोन-चार मिलिमीटरनं अडकलेल्याला त्याचा उपयोग, तुझ्या तीन सेंटिमीटरला नाही. त्यापेक्षा वनरक्षकाची जाहिरात बघ. तिथं मुलींना १५० ची अट असते. बारावीच्या विषयांची अट आणि पळण्याचं अंतर वेगळं असतं, ते नीट वाचून घे.

गोळी मात्र सोडू नको. दम आणि पिंडऱ्यांची तक्रार बहुधा थायरॉईडचीच आहे, त्यात फरक पडेल. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासानं. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपास. ५० ही सुरुवात असते, वजनाच्या मानानं डॉक्टर कदाचित वाढवतील. इतकं अंगावरून जातंय तर हिमोग्लोबिनही बघून घे. लोहाची गोळी लागली तर ती थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी, नाहीतर लोह पोटात थायरॉईडच्या गोळीला अडवतं. आणि आजीला सांग, मीठ बदलायचं नाही. तुझ्या वयात थायरॉईड बिघडतो तो बहुतेक वेळा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटल्यानं. त्यावर सैंधव हा उपाय नाही, उलट त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं.

आता तुझ्या पत्राची शेवटची दोन वाक्यं. पत्र वाचताना मी तिथंच अडकले.

आठवीतल्या पोराला सहावीतली पॅन्ट व्हायला नको. शाळकरी वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. वयात येण्याच्या जरा आधी हा वेग किंचित मंदावतो, पण दोन वर्षांत पॅन्ट घोट्याच्या वर गेलीच पाहिजे. आपल्याकडं पॅन्ट शिवताना खाली चार बोटं दुमडून ठेवतात. ती शिवण उसवली होती का, हे आईला विचार. उसवली नसेल तर माझी काळजी वाढेल. घरात एकाला हा आजार असला की भावंडांत निघण्याची शक्यता जास्त असते.

त्याची जुनी प्रगतिपुस्तकं काढ. त्यात उंची-वजनाचा रकाना असतो. गुरुजींनी कधीकधी अंदाजे भरलेला असतो म्हणा, पण तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की चाल कळते. मग त्याला अनवाणी भिंतीला लावून उभा कर. टाचा, ढुंगण, पाठ, डोकं भिंतीला टेकलेलं, नजर समोर. डोक्यावर पाटी आडवी धर, पेन्सिलीची खूण कर आणि तारीख लिही. उंची थांबली आणि वजन मात्र चढतंय, असं दिसलं तर थायरॉईडचा संशय धरायचा. पोटाला कमी पडणाऱ्या लेकराचं आधी वजन ढळतं, उंची नंतर. आणि नुसत्या खाण्यानं जाड झालेली मुलं सहसा वर्गात उंचच असतात. बुटका आणि गुबगुबीत हे एकत्र दिसलं की तपासणी हवीच. पोट साफ न होणं, थंडी सोसत नाही म्हणून उन्हात जाऊन बसणं, सारखी झोप, कोरडी कातडी हेही बघ.

खुणा करत सहा महिने थांबायचं नाही. याच महिन्यात टी-फोर (रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन), टीएसएच आणि हाताचा एक्स-रे करून घ्या. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागाच्या ओपीडीला जा, जाताना प्रगतिपुस्तकं घेऊन जा. थायरॉईड निघालाच तर तेराव्या वर्षी हाताशी अजून वेळ आहे. गोळीनं मागं पडलेली उंची झपाट्यानं भरते. मात्र जितका उशीर, तितकं कायमचं कमी राहण्याची भीती, कारण गोळीनंतर हाडांचं वयही वेगानं पुढं सरकतं.

आईला एक आधीच सांगून ठेव. गोळी लागलीच तर एरवी गरीब, एका जागी बसणारा पोरगाही एकदम चळवळ्या होऊ शकतो. वर्गातून तक्रार येईल, एखाद्या घटक चाचणीत मार्कही घसरतील. आया घाबरतात आणि गोळी बंद करतात. तसं करू देऊ नको, काही महिन्यांत बसतं सगळं. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी त्यानं दुपारी जेवणानंतर घ्यावी. आणि गुडघा किंवा जांघ दुखतेय म्हणून तो लंगडायला लागला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. या मुलांमध्ये क्वचित खुब्याचं हाड सरकतं, ते वाट बघण्यासारखं नसतं.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा, वर्गात सगळ्यांत बुटका, मिसरूडही नाही. टीएसएच ६.४ आला. थायरॉईडनं वाढ खुंटली का?
(एक आई, सेलू)

उत्तर : ताई, टी-फोर किती आहे ते तुम्ही लिहिलं नाही. तो ठीक असेल तर एवढ्याशा वाढलेल्या टीएसएचनं उंची खुंटत नाही. दोन-तीन महिन्यांनी दोन्ही पुन्हा करा. त्याच्या वडिलांना विचारा, त्यांची उंची कधी वाढली? अकरावी-बारावीत, मित्रांच्या मागून वाढली असेल तर लेकही त्याच वाटेनं जात असेल. अशा मुलांची पट्टी उघडी असते, ती उशिरा वाढतात. पण सोळाव्या वर्षी वयात येण्याची काहीच खूण नसेल तर नुसत्या अंदाजावर राहू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, त्यांना अंग तपासू द्या. मुलं लाजतात, तेव्हा सोबत वडिलांना पाठवा.

प्रश्न : थायरॉईड जास्त असलेली मुलं उंच होतात, असं ऐकलं. मुलीला (वय ११) थायरॉईडची गोळी चालू आहे. थोडी जास्त दिली तर?
(एक वाचक, हिंगोली)

उत्तर : देऊ नका. थायरॉईड जास्त झाला की मूल काही काळ भराभर वाढतं खरं, पण हाडंही तितक्याच घाईनं पिकतात आणि पट्टी लवकर मिटू शकते. शेवटी हातात जास्त काही पडत नाही. मधल्या काळात धडधड, हात कापणं, झोप उडणं, वजन घटणं हे सगळं लेकराच्या वाट्याला. आत्तापर्यंत जास्त दिली असेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि या आठवड्यातच टीएसएच तपासा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, त्यांनी रिपोर्टचे आकडे चुकतात. तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी त्या बंद ठेवाव्या लागतात.