डुक्कर, घंटा आणि सहा महिन्यांच्या भाकरी

प्रश्न : आजोबांच्या काळातलं एक चित्र घरात आहे. पांढऱ्या दाढीचे म्हातारबाबा, हातात काठी, काठीला घंटा, पायाशी डुक्कर, आणि खाली ‘संत अंतोनी’ असं नाव. आम्ही मंगळवारी ज्यांची नोव्हेना (नऊ वेळा करायची प्रार्थना) करतो ते संत अंतोनी तर तरुण आहेत, कडेवर बाळ येशू आहे. दोघे एकच का? (सदर, नागपूर)

उत्तर : एक नाहीत. दोघांच्या जन्मात नऊशेहून अधिक वर्षांचं अंतर आहे. तुमच्या नोव्हेनेचे ते पदुवाचे संत अंतोनी. जन्म लिस्बनला, ११९५ च्या सुमारास. निधन १३ जून १२३१. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून लोक यांचाच धावा करतात. तपकिरी झगा, कमरेला गाठी मारलेली दोरी आणि लिलीचं फूल ही त्यांची खूण.

चित्रातले म्हातारबाबा इजिप्तचे. जन्म सुमारे २५१, निधन ३५६. म्हणजे १०५ वर्षांचं आयुष्य. ओळखायचं तर आधी दाढी बघा, मग काठी. काठीचा आकार बहुधा वरचं टोक नसलेल्या क्रूसासारखा असतो. यांचा सण १७ जानेवारीला, संक्रांतीनंतर दोन-तीन दिवसांनी. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती तो ३० जानेवारीला पाळतात, कारण त्यांचं पंचांग आपल्या कॅलेंडरच्या तेरा दिवस मागे चालतं. चित्र जपून ठेवा. आपल्याकडे यांचं चित्र क्वचितच दिसतं.

प्रश्न : इजिप्तचे संत अंतोनी पडक्या किल्ल्यात स्वतःला कोंडून घेऊन वीस वर्षं राहिले म्हणतात. खाणार काय, पिणार काय? भक्तांनी वाढवून सांगितलेलं तर नाही? (जरीपटका)

उत्तर : अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांनी संतांच्या निधनानंतर थोड्याच वर्षांत ग्रीक भाषेत त्यांचं चरित्र लिहिलं. त्यात सैतानाशी झालेल्या झटापटी पानोपानी आहेत, त्या ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने वाचाव्यात. पण शिधा-पाण्याचा तपशील मात्र घरातल्या माणसाने सांगावा इतका नेमका आहे.

आईवडील गेले तेव्हा अंतोनी अठरा-वीस वर्षांचे होते. वाट्याला सुमारे २०० एकर सुपीक जमीन आणि एक धाकटी बहीण. ‘असेल ते वीक, गरिबांना दे’ हे येशूचं वचन चर्चमध्ये कानी पडलं आणि जमीन गावाला देऊन टाकली. बहिणीची सोय विश्वासू व्रतस्थ स्त्रियांकडे लावली. आधी गावाजवळ, मग एका थडग्यात, आणि पस्तिशीच्या आसपास नाईल ओलांडून त्या किल्ल्यात. आत पाणी होतं. दार चिणण्याआधी त्यांनी सहा महिने पुरतील इतक्या भाकरी आत घेतल्या. दक्षिण इजिप्तमधल्या थीब्ज भागात भाकरी अशी वाळवत की ती वर्षभर टिकायची. पुढे वर्षातून दोनदा नव्या भाकरी वरून आत सोडल्या जात. जेवण एकवेळ, सूर्य मावळल्यावर: भाकरी, मीठ, पाणी. कधी दोन-दोन, कधी चार-चार दिवस तेही नाही. सुमारे वीस वर्षांनी मित्रांनी दार उखडलं, तेव्हा ते ना सुटले होते ना खंगले होते, असं अथनासियस लिहितात.

यानंतरचा भाग लोक विसरतात, आणि आम्हाला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. ३११ मध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ चालू असताना ते स्वतः अलेक्झांड्रियाला गेले आणि तुरुंगात व खाणींत डांबलेल्यांची सेवा केली. मग तांबड्या समुद्राकडच्या डोंगरात राहायला गेले. तिथे गोड्या पाण्याचा झरा आणि थोडी खजुराची झाडं होती. लोक भाकरी पोचवण्यासाठी एवढी पायपीट करतात हे बघून त्यांनी कुदळ, कुऱ्हाड आणि थोडे गहू मागवले, जमीन शोधली आणि स्वतःपुरतं पिकवू लागले. थकून येणाऱ्यांसाठी चार भाज्याही लावल्या. झऱ्यावर येणारी रानजनावरं वाफे तुडवत. त्यांतलं एक हळूच धरून ते सगळ्यांना म्हणाले, मी तुमचं काही बिघडवत नाही, मग माझं नुकसान का करता? या डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या नावाचा मठ आजही नांदता आहे.

प्रश्न : पहिले एकांतवासी संत हे इजिप्तचे अंतोनीच का? (धरमपेठ)

उत्तर : पौलांचं चरित्र लिहिणारे संत जेरोम तो मान थीब्जच्या संत पौलांना देतात. पौलांचा सण १५ जानेवारीला. कावळा त्यांना रोज अर्धी भाकरी आणून देई. अंतोनी भेटीला गेले त्या दिवशी त्याने अख्खी आणली, अशी कथा आहे.

प्रश्न : प्रार्थनेला बसलं की पाच मिनिटांत मन उबगतं. (सदर)

उत्तर : हीच तक्रार अंतोनींनी देवाकडे केली होती. तेव्हा त्यांना स्वतःसारखाच एक जण दिसला: बसून दोरी वळतोय, उठून प्रार्थना करतोय, पुन्हा बसून दोरी वळतोय. हाताला काम द्या. वाती वळणं, भाजी निवडणं, काहीही चालेल. थोडं काम, थोडी प्रार्थना, असं आलटून-पालटून करा. एका बैठकीत तासभर ओढू नका.

प्रश्न : ‘संत अंतोनींची आग’ हा कोणता रोग? आपल्या धान्यातून होतो का? (कामठी)

उत्तर : युरोपात राय या धान्यावर अरगट नावाची बुरशी पडते. फुलोऱ्यात हवा थंड-ओली राहिली की दाण्याच्या जागी काळी, कडक गाठ येते. ती पिठात दळली गेली की रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय आगीसारखे जळतात, काळे पडून गळतातही. सुमारे १०९५ मध्ये फ्रान्समध्ये या रोग्यांसाठी अंतोनींच्या नावाने सेवकसंघ निघाला. त्यांच्या रुग्णालयांत चांगली भाकरी मिळे, आणि विषारी पीठ पोटात जायचं थांबल्यानेच पुष्कळांना उतार पडत असावा. संघाची डुकरं गळ्यात घंटा घालून गावात मोकळी चरत, म्हणून तुमच्या सदरच्या शेजाऱ्यांच्या चित्रात डुक्कर आणि घंटा.

आपल्याकडे ज्वारीच्या कणसावर जो चिकटा येतो, तो याच कुळातला. बाजरीवरच्या अरगटाने मळमळ, उलट्या, गुंगी येते. बाजरी आणली की मूठभर पांढऱ्या ताटात पसरा; काळपट, वेडेवाकडे, कडक तुकडे दिसले तर ती दळू नका. बियाण्यासाठी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवा, बाजरी ओतून ढवळा, वर तरंगेल ते काढून जाळा. मीठ कमी पडलं तर गाठी नीट तरंगत नाहीत. तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. मीठ राहिलं तर उगवण कमी होते. वर आलेलं गुरांना किंवा कोंबड्यांना घालू नका.