गावातल्या मुलीला रॅली ड्रायव्हर होता येतं का?

तुमची मुलगी १७ वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, ट्रॅक्टर चालवते, रॅलीत जायचं म्हणते. तुम्ही विचारता, जमेल का, आणि बाईच्या ताकदीचं हे काम आहे का. दुसरा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

चार वर्षांपूर्वी परतीच्या पावसात काकांनी सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला पिकअप पांदणीत रुतवला. रुतला नाही, रुतवला. ॲक्सिलेटर दाबतच राहिले, मागची चाकं काळ्या मातीत अर्धी गेली. टोचन करायला ट्रॅक्टर शोधत निघाले तेव्हा मी चावी मागितली. ‘बाईमाणसाच्या जोराचं नाही हे, पोरी.’ मी मागच्या टायरांची हवा कमी केली, फावड्याने चाकांमागची माती ओढली, धुऱ्यावरच्या पऱ्हाट्या आणून टाकल्या आणि रेस न वाढवता आलेल्याच चाकोरीतून रिव्हर्स काढली. जोर लागला तो फावड्याला.

काका अजून चावडीवर सांगतात, ‘पऱ्हाट्यांनी निघाली.’

फ्रान्सच्या मिशेल मुटॉनचंही असंच. १९८१ साली इटलीतली सानरेमो जिंकली. जागतिक अजिंक्यपदाची रॅली जिंकणारी पहिली बाई. लोक म्हणाले, ऑडी क्वाट्रोची चारही चाकं ओढतात, कमाल गाडीची. मग १९८२ ला तिने पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझील जिंकलं, वर्षअखेर दुसरी आली. त्याच संघात, तीच गाडी चालवणारा हन्नू मिक्कोला तिसरा. आता बोला. आणि दमाचंच म्हणाल, तर २००१ ची डाकार रॅली युटा क्लाइनश्मिट या बाईने पजेरोत जिंकली. दोन-तीन आठवडे वाळवंट तुडवायचं असतं त्यात.

तुमचा पहिला प्रश्न राहिलाच. १८ पूर्ण झाले की लायसन्स, मग एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट्स संघटनेचं, स्पर्धेचं लायसन्स. सुरुवात नॅव्हिगेटर म्हणून, म्हणजे शेजारी बसून ड्रायव्हरला वाट सांगणारी म्हणून करू द्या, खर्च कमी. मुटॉनही आधी शेजारच्याच सीटवर होती. बाप म्हणाला, चालवायचंच असेल तर गाडी घेऊन देतो, एक वर्ष देतो.

हां, पैसा मात्र लागतो, आणि तो कापसातून निघणार नाही. प्रायोजक शोधावा लागेल. मी स्वतः रॅली कधी केलेली नाही, तेही सांगून ठेवते.

काका हे वाचणार नाहीत, पण त्यांचा मुलगा वाचतो. बाबू, पऱ्हाट्या धुऱ्यावर सकाळपासून पडलेल्याच होत्या. तुझे बाबाही तिथेच होते.