उन्हाळी, मुतखडा आणि अर्ध्या लिटरची बाटली

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षिका आहे, वय 38. गेल्या वर्षभरात मला चार वेळा उन्हाळी लागली. दर वेळी जळजळ होते, लघवी थेंब थेंब होते आणि ओटीपोट दुखते. दुकानातून गोळ्या आणते, दोन दिवसांत बरे वाटले की बंद करते. शाळेतील स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसल्याने पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली नेते, तीही संपत नाही. यजमानांच्या डाव्या मूत्रपिंडात 4 मिलिमीटरचा खडा निघाला आहे. सासूबाई आम्हा दोघांनाही कुळथाचे कढण व पानफुटीची पाने देतात आणि त्यांनी दूध-टोमॅटो बंद केले आहे. हे सगळे बोअरच्या पाण्यामुळे होते का? घरगुती उपायांवर किती दिवस थांबावे?

उत्तर : आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या न संपणाऱ्या बाटलीत आहे. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो आणि आतड्यातील ई-कोलाय हे जंतू तेवढे अंतर सहज पार करतात. वरचेवर लघवी झाली तर ते धुऊन निघतात, परंतु सकाळी घरून निघाल्यापासून दुपारी परत येईपर्यंत लघवी दाबून ठेवली, तर मूत्राशयात वाढण्यासाठी त्यांना तेवढाच निवांत वेळ मिळतो. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि मुळात पाणी कमी पिणाऱ्या 140 स्त्रियांवर बल्गेरियात एक चाचणी झाली व तिचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी रोज दीड लिटर जादा पाणी प्यायले त्यांना वर्षभरात सरासरी 1.7 वेळा, तर इतरांना 3.2 वेळा संसर्ग झाला. स्वच्छतागृहाची तक्रार मुख्याध्यापकांकडे लेखी करावी. हा संकोचाचा विषय नाही, आरोग्याचा आहे.

दुकानातून परस्पर आणलेल्या आणि मध्येच सोडलेल्या गोळ्या हा मात्र आपला खरा दोष आहे. वर्षात चार वेळा त्रास झाला असताना लघवीची कल्चर तपासणी (लघवीतील जंतू वाढवून ते कोणते व कोणत्या औषधाला दाद देतात हे पाहणे) न करता प्रतिजैविक घेतल्यास ते त्या जंतूवर चालते की नाही, हेच कळत नाही. सोबत रक्तातील साखर आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफीही करून घ्यावी, कारण मधुमेहात असा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो आणि कधी कधी खड्यातच जंतू दडून बसलेले असतात. जळजळ शमवणारे गोड सरबतासारखे औषध लघवीची आम्लता कमी करून आराम देते, जंतू मारत नाही. धने-जिऱ्याचे पाणी, जवाचे पाणी, शहाळे यांनी बरे वाटते ते मुख्यतः पोटात पाणी गेल्यामुळे. ती अवश्य घ्यावीत, पण औषधाऐवजी नव्हे.

आता यजमानांचा खडा. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि लघवी घट्ट झाली की हे क्षार स्फटिकरूपाने खाली बसतात. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे मूत्रनलिकेत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत, उतरले की बहुधा आपोआप पडतात. मग श्रेय कुळथाला मिळते. कढण पिण्यास हरकत नाही, त्यातून पाणीच पोटात जाते, मात्र मीठ बेताने घालावे, कारण मिठाने लघवीतील कॅल्शियम वाढते. पानफुटीबाबत सासूबाईंना एक सांगावे, की तिच्यात हृदयावर परिणाम करू शकणारी द्रव्ये असतात. हृदयविकाराची औषधे घेणाऱ्यांनी ती टाळलेलीच बरी.

दूध बंद करणे तर उलटेच ठरते. जेवणातील कॅल्शियम अन्नातून आलेल्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते. ते कमी केले की ऑक्झलेट अधिक प्रमाणात रक्तात व लघवीत उतरते. टोमॅटोत ऑक्झलेट फारसे नसते. हात आखडता घ्यावा तो पालक, बीट आणि काळ्या चहाबाबत. लिंबाच्या रसातील सायट्रेट खडा तयार होण्यास विरोध करते, म्हणून बिनमिठाचे लिंबूपाणी उत्तम. बोअरच्या जड पाण्याने खडे होतात असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. ते मचूळ लागते म्हणून माणूस कमी पितो, हेच अधिक नुकसानीचे असावे. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी प्यावे, सोलापूरच्या उन्हात त्याहूनही अधिक. पांढऱ्या भांड्यात लघवी फिकट पिवळी दिसली तर हिशेब बरोबर आहे.

थांबण्याची मुदत दिवसांत सांगता येत नाही, पण काही लक्षणांवर एक तासही थांबू नये. थंडी वाजून ताप, पाठीत किंवा कुशीत असह्य कळ, सतत उलट्या, लघवी बंद होणे, यांपैकी काहीही झाल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. खडा अडकून त्यामागे संसर्ग झाला तर मूत्रपिंड आणि जीव दोन्ही धोक्यात येतात. गरोदरपणात तर साध्या जळजळीसाठीही डॉक्टरांकडेच जावे.

प्रश्न : बिअर प्यायल्याने खडा पडतो, असे मित्र सांगतात. खरे आहे का?

उत्तर : बिअरने लघवी वाढते, पण नंतर शरीरातील पाणी कमी होते व यूरिक आम्ल वाढते, आणि काही खडे त्याचेच असतात. मित्रांचा आग्रह असेल तर लिंबूपाणी मागवावे. खडा पडण्याच्या दिवसांत लघवी गाळणीतून गाळावी आणि हाती लागलेला खडा डबीत ठेवून तपासणीला द्यावा. तो कशाचा आहे यावरच पुढचे पथ्य ठरते.