आपल्याच सामानासाठी कुलूप तोडले, तर ती घरफोडी ठरते का?

आपल्या पत्राचा सारांश असा : कांदिवलीतील खोलीचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार संपून तीन आठवडे झाले होते, डिपॉझिटवरून वाद चालू होता आणि चावी आपल्याकडेच असताना घरमालकांनी दाराला स्वतःचे दुसरे कुलूप घातले. रात्री नऊ वाजता आपण भावासह चावीवाल्याला नेले, ते कुलूप तोडले आणि आपली प्रमाणपत्रे, कपडे व शिलाई मशीन घेऊन आलात. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 331(4) व 305 खाली गुन्हा नोंदला आहे, आणि आपण विचारता, ‘माझ्याच वस्तूंची मी चोर कशी?’

ताई, आपली भीती अनाठायी नाही. सूर्यास्तानंतर चोरीच्या उद्देशाने केलेल्या घरफोडीला 14 वर्षांपर्यंत, तर राहत्या घरातील चोरीला 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि दोन्ही गुन्हे अजामीनपात्र आहेत. कुलूप चावीने उघडले की तोडले, याने घरफोडीच्या व्याख्येत फारसा फरक पडत नाही. मात्र घरफोडी सिद्ध व्हायला आधी गृह-अतिक्रमण सिद्ध व्हावे लागते, आणि त्यासाठी दुसऱ्याच्या कब्जातील जागेत गुन्हा करण्याच्या किंवा कब्जेदाराला धमकावण्याच्या, अपमानित करण्याच्या अथवा त्रास देण्याच्या उद्देशाने शिरणे आवश्यक असते. आपल्या जाण्याने घरमालकांना त्रास होईल याची केवळ जाणीव असणे पुरेसे नाही, तोच आपला हेतू असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मथरी प्रकरणात सांगितले आहे.

खोली तेव्हाही आपल्याच कब्जात होती, हा मुद्दाही आपल्या बाजूने मांडता येतो. मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याचा मार्ग घरमालकांना आहे. स्वतः कुलूप ठोकून रहिवाशाचे सामान अडकवणे हा तो मार्ग नव्हे. मात्र खोली रिकामी केल्याचे आपण लिहून दिले असेल, तर ही बाजू लंगडी पडते, म्हणून तसे काही असल्यास वकिलांपासून लपवू नका.

चोरीबाबत कायद्यातलेच घड्याळाचे उदाहरण पाहा. दुरुस्तीला दिलेले स्वतःचे घड्याळ, मजुरीचे काहीही देणे नसताना, मालकाने दुकानातून बळाने परत घेतले तर ती चोरी नाही. पण मजुरी थकली असल्याने कारागिराने ते कायदेशीररीत्या तारण म्हणून ठेवले असेल, तर आपलेच घड्याळ उचलणे चोरी ठरते. सगळे प्रकरण माझ्या मते इथे येऊन थांबते. भाडे थकल्यास सामान अडवण्याचा अधिकार देणारा मजकूर करारात आहे का, हे ओळ न् ओळ वाचून पाहा. तसा मजकूर नसेल आणि आपण आपल्याच वस्तू नेल्या असतील, तर अप्रामाणिक हेतू दाखवणे फिर्यादीला जड जाईल.

आज करायचे काम म्हणजे दिंडोशी सत्र न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली आपल्या व भावाच्या अटकपूर्व जामिनाचा अर्ज. पोलिसांचा फोन आला आहे, तेव्हा वकिलांशी बोलल्याशिवाय एकट्या ठाण्यात जाऊ नका. फोन टाळूही नका. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत स्त्रीला अटक करता येत नाही, आणि अपवादातही महिला अधिकारी व दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

नोंदणीकृत करार, डिपॉझिट व भाडे दिल्याच्या बँक नोंदी, मशीनची पावती आणि घरमालकांचे सगळे संदेश जपा, त्यातला एकही पुसू नका. सोसायटीच्या सीसीटीव्हीवरील चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून त्या रात्रीचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती सेक्रेटरींना आजच देऊन पोच घ्या : आपण काय बाहेर नेले, हे त्यातूनच दिसेल. घाईत घरमालकांची एखादी वस्तू आली असेल, तर ती परस्पर परत करू नका, वकिलांमार्फत हजर करा.

तडजोडीची वाट बंद नाही, पण ही कलमे आपसांत मिटवता येण्यासारखी नसल्याने समेट झाला तरी गुन्हा रद्द करून घेण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली मुंबई उच्च न्यायालयातच जावे लागेल, आणि ते पाऊल जामीन मिळाल्यानंतरचे आहे.