पुण्यातला फ्लॅट स्वतः ऑनलाइन विकावा की एजंटला द्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कर्वेनगरला वडिलांनी घेतलेला टू बीएचके आहे, वडील गेल्यापासून आई तिथे एकटी राहते, तुम्ही नोकरीसाठी बंगळुरूला आहात. आईला तिकडे न्यायचं ठरलंय. एजंट २ टक्के मागतोय आणि मित्र म्हणतात की वेबसाइटवर टाक, दीड-दोन लाख सहज वाचतील.

मी दोन्ही प्रकारे घर विकलंय. २०१९ मध्ये आमचा चिंचवडचा फ्लॅट एजंटमार्फत विकला आणि २०२३ मध्ये बाबांचा कोथरूडचा फ्लॅट मी स्वतः, जाहिरात देण्यापासून रजिस्ट्रेशनपर्यंत. दोन्ही वेळा पैसे नीट मिळाले. त्यामुळे मी कुठल्याही एका बाजूची नाही. पण तुम्ही हिशोब ब्रोकरेजपासून सुरू केलाय, तो तिथून करू नका. गिऱ्हाईक हल्ली कोणीही आणू शकतं. व्यवहार अडकतो तो टोकन (सौदा ठरल्याची आगाऊ रक्कम) घेतल्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत. त्या काळात सोसायटी, बँक, वकील आणि दुय्यम निबंधक कार्यालय यांच्यामागे कोण फिरणार, ते आधी ठरवा. तुम्ही फिरू शकत असाल तर स्वतः विका. नसाल तर फिरणाऱ्याला पैसे द्यावे लागतील आणि ते देणं योग्यच आहे.

त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे कागद. बाबांच्या गोदरेजच्या कपाटात एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट होतं. त्याच्या मागच्या बाजूला हस्तांतराचा तक्ता असतो. आमच्या तक्त्यात बाबांच्या नावाची एकच ओळ होती, खालच्या सगळ्या ओळी कोऱ्या. आई नॉमिनी होती, म्हणून आम्ही धरून चाललो होतो की घर आता आईचं. तसं नसतं. नॉमिनीचं नाव सोसायटीच्या दप्तरी लागतं, पण त्याने मालकी ठरत नाही. मृत्युपत्र नसेल तर आई आणि सगळी मुलं वारस. आम्हाला मी, नागपूरची बहीण आणि आई अशा तिघींचे कागद करावे लागले. आम्ही दोघी बहिणींनी आईच्या नावे हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) करून ते नोंदवलं, मग सोसायटीने सर्टिफिकेटवर आईचं नाव चढवलं. यात सात आठवडे गेले. जाहिरात आधी टाकली असती तर पहिल्या चांगल्या गिऱ्हाइकाच्या वकिलाने हेच बोट ठेवलं असतं, आणि एकदा "कागदात गडबड आहे" असं झालं की ते गिऱ्हाईक परत येत नाही. एजंटही हे काम तुमच्यासाठी करत नाही. फार तर वकील सुचवतो.

किमतीचं मात्र एजंटांनी मला चांगलंच गोंधळात टाकलं होतं. तिघांना बोलावलं. एक म्हणाला ८२ लाख, एक ८८, आणि तिसरा तर ९५. हा ९५ वाला सगळ्यात गोड बोलत होता. जास्त आकडा सांगून फ्लॅट हातात घ्यायचा आणि दोन महिन्यांनी "मार्केट थंड आहे, ताई" म्हणून खाली आणायचा, ही पद्धत मी नंतर ओळखीतल्या आणखी दोघांकडून ऐकली. मी वेगळं केलं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च नावाची सोय आहे. गाव, सर्व्हे नंबर आणि वर्ष टाकलं की त्या मिळकतीवर झालेल्या दस्तांची यादी येते आणि प्रत्येकाचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, उघडता येतो. त्यात क्षेत्रफळ, मोबदला आणि बाजारभाव स्पष्ट लिहिलेला असतो. साइट संथ आहे, दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो, पण पैसे लागत नाहीत. आमच्याच सोसायटीतले मागच्या वर्षातले दोन व्यवहार सापडले, ७९ लाख आणि साडेएक्क्याऐंशी लाख. मग माझ्यासाठी भाव ठरला. मी ८६ लावले आणि ८२ च्या खाली जायचं नाही असं ठरवलं. हे काम तुम्ही बंगळुरूत बसूनही करू शकता, आणि एजंटला फ्लॅट द्यायचा असेल तरी करा.

आता ऑनलाइनचं. दोन मोठ्या पोर्टलवर "ओनर" म्हणून जाहिरात टाकली. पहिल्या दोन दिवसांत ४१ फोन आले. मी वहीत मांडून ठेवले होते. त्यातले ३० एजंटांचे होते, "मॅडम, माझ्याकडे पार्टी रेडी आहे." चार फोन पोर्टलचेच, पैसे भरून वरचा प्लॅन घ्या म्हणून. खऱ्या खरेदीदारांचे सात. नंतर एक फोन असा आला की आपण लष्करात अधिकारी आहोत, बदलीमुळे फ्लॅट न बघताच टोकन पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा. हा जुना फसवणुकीचा प्रकार आहे. पैसे घ्यायला कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. हे वाक्य आईला दोनदा सांगून ठेवा. जाहिरातीत आईचा नंबर तर मुळीच देऊ नका. एक वेगळं सिम घ्या आणि ते स्वतःकडे ठेवा. इमारतीचं नाव आणि फ्लॅट नंबरही लिहू नका, गल्लीपर्यंत पुरे.

घर दाखवणं हे यातलं सगळ्यात थकवणारं काम. मी फक्त शनिवार-रविवार सकाळी १० ते १ वेळ देत होते आणि त्या वेळी स्वतः तिथे असायचे. आई एकटी असताना कुणालाही येऊ दिलं नाही. नऊ कुटुंबं येऊन गेली. खरं घ्यायचं असलेला माणूस लगेच ओळखू येतो, कारण तो हॉलमध्ये रेंगाळत नाही. ज्यांनी शेवटी घेतलं त्या बाई आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, ओट्यावरचा नळ पूर्ण सोडला, मग बाथरूममधला सोडला आणि परत येऊन पहिल्याची धार बघितली. नंतर बेडरूममधलं कपाट थोडं पुढे ओढायला सांगितलं. मागे भिंतीला ओल होती. मी ती लपवली नव्हती, वरच्या मजल्याच्या बाथरूमचं गळतं, दुरुस्तीचं पत्र सोसायटीला दिलंय, हे पत्रासकट दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." मला वाटतं व्यवहार तिथेच निम्मा झाला. मालकाने स्वतः घर दाखवण्याचा हा फायदा एजंटच्या हातात नसतो. पाणी किती वाजता येतं, शेजारी कोण आहे, पावसाळ्यात कुठली खिडकी लावून घ्यावी लागते, हे त्याला माहीत नसतं.

त्यांनी ८० सांगितले. घासाघीस करताना माझ्या उपयोगी पडली ती स्टॅम्प ड्युटीची माहिती. पुण्यात पुरुषाच्या किंवा जोडनावावर घेतलं तर स्थानिक अधिभार आणि मेट्रो अधिभार धरून ७ टक्के, आणि खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर ६. ही १ टक्क्याची सवलत २०२१ पासून आहे. त्यांना ती माहीत नव्हती. फ्लॅट त्या बाईंच्या एकटीच्या नावावर करायचं ठरलं, त्यांचे ८० हजारांवर वाचले, आणि आम्ही साडेब्याऐंशी लाखांवर थांबलो. घर तिच्या नावावर झालं याचा मला वेगळाच आनंद झाला. त्यांच्याकडून आधी "थोडं कॅशमध्ये घ्याल का" असंही आलं होतं. मी नाही म्हटलं. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला.

ब्रोकरेज २ टक्क्यांनी १ लाख ६५ हजार, वर १८ टक्के जीएसटी धरला तर १ लाख ९४ हजार ७०० झालं असतं. ते वाचलं हे खरं. पण टोकननंतरचे अकरा आठवडे मी काय केलं तेही ऐका. वकिलाकडून साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार), खरेदीदाराच्या बँकेसाठी सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल), सोसायटीचं नो ड्यूज आणि एनओसी. सोसायटीने हस्तांतरासाठी एक लाख "देणगी" मागितली. सहकार खात्याचं ९ ऑगस्ट २००१ चं परिपत्रक आहे, महापालिका हद्दीत हस्तांतर प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि देणगीच्या नावाखालीही घेता येत नाही. मी त्याची प्रत नेऊन सेक्रेटरींच्या हातात दिली. त्यानंतरही दोन मीटिंग गेल्या. मग बँकेचा व्हॅल्युअर, मग व्यवहार ५० लाखांच्या वर म्हणून १ टक्का टीडीएस, म्हणजे किमतीतून आधीच कापला जाणारा आयकर. तो खरेदीदाराने भरायचा असतो, पण आपल्या पॅनवर जमा झाला की नाही हे आपणच बघायचं. आईचं पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, तेही आजच तपासा, नाहीतर टीडीएस १ टक्क्याऐवजी २० टक्क्यांनी कापावा लागतो. मी या सगळ्यासाठी ऑफिसातून नऊ अर्ध्या सुट्ट्या घेतल्या. मी पुण्यात राहते म्हणून जमलं.

चिंचवडच्या वेळी मुलगी तान्ही होती आणि मला घराबाहेर पडणं शक्य नव्हतं. तिथला एजंट पिंपरी-चिंचवडमध्येच वाढलेला. टोकन झालं आणि खरेदीदाराच्या बँकेने इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला (बांधकाम पुरं झाल्याचं महापालिकेचं पत्र) मागितला. सोसायटीच्या कपाटात तो नव्हता, बिल्डरने ऑफिस कधीच बंद केलेलं. खरेदीदार टोकन परत मागायला लागला. हा माणूस महापालिकेत अर्ज करून, रोज सकाळी तिथे जाऊन बसून, नवव्या दिवशी नक्कल घेऊन आला. मधल्या काळात खरेदीदाराला रोज संध्याकाळी फोन करून धीर देत होता. तो नसता तर व्यवहार मोडला असता. त्याला दिलेल्या १ टक्क्यातला एकही रुपया मला जड गेला नाही. (हो, १ टक्का. पुण्यात रीसेलला १ ते २ टक्के चालतं, दोन्ही बाजूंकडून, आणि विकणाऱ्याला बोलायला जागा असते. २ हा काही ठरलेला दर नाही.)

वाईट अनुभवही सांगते. कोथरूडच्या जाहिरातीनंतर एका एजंटने मला सांगितलं की त्याची पार्टी ८० च्या वर जात नाही. आठवड्याने त्याच पार्टीने पोर्टलवर माझी जाहिरात बघून थेट फोन केला, तेव्हा कळलं की त्यांना तो ९० सांगत होता. मधले दहा लाख कुठे जाणार होते ते त्यालाच माहीत. म्हणून एजंट घेतलात तरी खरेदीदाराशी समोरासमोर बसल्याशिवाय आकडा पक्का करू नका.

तुमच्या जागी मी असते तर एजंटच घेतला असता. आई एकटी आहे, तुम्ही लांब आहात, आणि वारसांचे कागद बहुधा अजून व्हायचे आहेत. पण अटी लिहून घेतल्या असत्या. दर १ टक्का, जास्तीत जास्त दीड. ब्रोकरेज टोकनला नाही, खरेदीखताची नोंदणी होईल त्या दिवशी. फ्लॅट फक्त त्यालाच द्यायचा असेल तर दोन महिन्यांपुरता, सहा महिन्यांची सही करू नका. सोसायटीतलं किंवा ओळखीतलं कोणी घेणार असेल तर त्यावर ब्रोकरेज नाही. घर दाखवायची वेळ फक्त शनिवार-रविवार, आणि त्या वेळी तुमचे कोणी काका-मामा आईसोबत. महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक विचारा. तुमच्या जुन्या सोसायटीतल्या रीसेलला तो कायद्याने लागतोच असं नाही, पण २०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, त्यामुळे क्रमांक असलेला माणूस निदान तेवढं शिकून आलेला असतो. वकील मात्र एजंटचा नको, तुमचा स्वतःचा.

कॅपिटल गेनसाठी, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरच्या करासाठी, सौदा ठरायच्या आधी सीएला भेटा. वडिलांनी घेतल्या तारखेपासूनचा काळ आणि त्यांची खरेदी किंमत धरली जाते. जुन्या घराला सध्या १२.५ टक्के इंडेक्सेशनशिवाय (महागाईप्रमाणे खरेदी किंमत न वाढवता) किंवा २० टक्के इंडेक्सेशनसह, यातलं कमी बसेल ते निवासी भारतीयाला निवडता येतं. बंगळुरूत आईच्या नावे घर घ्यायचं असेल तर तो कर वाचूही शकतो. भावंडांपैकी कोणी परदेशात असेल आणि त्याचा हिस्सा राहणार असेल तर त्याचा टीडीएस वेगळा आणि बराच जास्त असतो, तेही सांगा. आणि फ्लॅटवर कर्ज होतं का? फेडलेलं असलं तर मूळ कागद बँकेकडून घेतलेत ना, बघा. आता रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत ते परत द्यावे लागतात, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पण जुनी कर्जं फेडून कागद तिथेच विसरलेले लोक मी पाहिलेत.

आज रात्री आईला फोन करा आणि शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवा. मागच्या तक्त्यात शेवटचं नाव कुणाचं आहे ते इथे कळवलंत तर हक्कसोडपत्र लागेल की नाही, आणि त्यासाठी तुम्हाला पुण्याला यावं लागेल की कुलमुखत्यारपत्रावर भागेल, ते सांगते.