वाचकांचे प्रश्न : राइस मिलमधील अनुभव बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेस चालतो काय?

प्रश्न : मी दहावी उत्तीर्ण असून गावाजवळच्या राइस मिलमध्ये बॉयलरवर काम करतो. उष्णा (उकड्या) तांदळाचा हंगाम असला की बॉयलर रात्रंदिवस चालतो. आमचे लायसनवाले काका दिवसपाळी करून घरी जातात आणि रात्री भट्टी, पाणी, वाफ सारे मीच पाहतो. हा अनुभव लायसनसाठी धरला जाईल काय? तालुक्याच्या गावातील एक गृहस्थ परीक्षेविना लायसन काढून देतो म्हणतात. त्यांच्याकडे जावे काय?
– एक वाचक, गोंदिया जिल्हा

उत्तर : त्या गृहस्थांचा नाद आधी सोडा. बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र, म्हणजेच आपण म्हणता ते लायसन, परीक्षक मंडळापुढे परीक्षा देऊनच मिळते, आणि त्याची माहिती व अर्ज यांसाठी राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडेच जावे लागते.

अनुभवाचा प्रश्न मात्र नाजूक आहे. अर्जासोबत मालकाने दिलेला सेवेचा दाखला लागतो. तो नोंदणीकृत बॉयलरवरील कामाचा असावा लागतो, म्हणून आपल्या बॉयलरवर कोरलेला नोंदणी क्रमांक आणि त्याचे चालू वर्षाचे तपासणी प्रमाणपत्र आजच पाहून घ्यावे. बॉयलर प्रमाणपत्रधारकाच्या ताब्यात असलाच पाहिजे, हा कायद्याचा दंडक आहे. तेव्हा आपण रात्री एकटे जे काम करता, तेच नेमके दाखल्यात लिहिता येणार नाही, कारण तसे लिहून देणारा मालक स्वतःच नियमभंगाची कबुली देईल. आपण दिवसपाळीत काकांच्या हाताखाली काम मागून घ्यावे आणि रात्रीसाठी दुसरा प्रमाणपत्रधारक नेमण्याचा आग्रह मालकाकडे धरावा. मालक कुरकुर करतील; पण रात्री काही विपरीत घडले, तर जाब त्यांनाच द्यावा लागेल आणि जीव आपला जाईल.

हे भय दाखवण्यासाठी लिहीत नाही. साडेदहा किलो दाबाच्या बॉयलरमधील पाणी सुमारे 185 अंश सेल्सियस तापमानाला असते. कवच फुटून दाब एकाएकी उतरला, तर त्या पाण्यातील काही भागाची क्षणार्धात वाफ होते, आणि वातावरणाच्या दाबाला वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे 1600 पट असते. म्हणूनच पाण्याच्या काचेविषयी, म्हणजे बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीविषयी, परीक्षेत आपल्याला बारकाईने विचारले जाईल, असे धरून चालावे. काच नुसती पाहून भागत नाही, ती पाळी सुरू होताच तपासावी लागते. खालचा निचऱ्याचा कॉक (तोटी) उघडून वाफेचा कॉक बंद केला, की पाण्याची जोरदार धार आली पाहिजे. नंतर पाण्याचा कॉक बंद करून वाफेचा उघडला, की केवळ वाफ आली पाहिजे. शेवटी निचरा बंद करून दोन्ही कॉक उघडल्यावर पाणी झटकन आपल्या पातळीवर चढले पाहिजे. ते रेंगाळत चढत असेल, तर वाट क्षाराने तुंबत आली आहे आणि काचेत दिसणारी पातळी विश्वासाची नाही. काचेतून पाणी पूर्ण दिसेनासे झाले, तर घाईने फीड पंप (बॉयलरमध्ये पाणी भरणारा पंप) लावू नये. तुसाचा पुरवठा आणि पंखे तत्काळ थांबवावेत, कारण लाल झालेल्या पत्र्यावर पाणी पडल्यास अनर्थ होतो. हे ‘का’ सांगता आले पाहिजे. केवळ हाताला सवय असून चालत नाही.

पहिले प्रमाणपत्र द्वितीय श्रेणीचे असते आणि पुढील अनुभवानंतर प्रथम श्रेणीची परीक्षा देता येते. शिकाऊ उमेदवारीतही बॉयलर अटेंडंट हा मान्य व्यवसाय आहे. वय लहान असल्यास तो मार्ग सरळ पडतो. 1923 च्या बॉयलर कायद्याच्या जागी संसदेने 2025 मध्ये नवा कायदा केला आहे, त्यामुळे जुन्या गाइडवर विसंबू नये आणि वयाची व अनुभवाची अट संचालनालयाच्या कार्यालयातून ताजी विचारून घ्यावी. कोराडी किंवा चंद्रपूरच्या वीज केंद्रात बॉयलरचा ताबा मिळवण्याची आकांक्षा असेल, तर अटेंडंटचे प्रमाणपत्र अपुरे पडेल. 1000 चौरस मीटरहून अधिक तापपृष्ठाच्या (उष्णता पाण्याला देणाऱ्या पृष्ठभागाच्या) बॉयलरसाठी बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर लागतो, आणि त्यासाठी अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी हवी.